सोडलेला मासा वाचतोच असं नाही

दोन हौशी माणसं एकाच तळ्यावर गळ टाकून बसली आहेत असं समजा. एकाने दोन मासे धरले, तिथेच मारले, पिशवीत टाकले आणि काठी आवरून तो घरी गेला. दुसरा दिवसभर बसला. त्याने चाळीस मासे धरले आणि चाळीसही परत पाण्यात सोडले. संध्याकाळपर्यंत जास्त मासे कोणाच्या हातून मेले?

बहुतेक वेळा दुसऱ्याच्या. सोडलेल्यांपैकी दहा टक्के मासे नंतर मरतात असं धरलं, आणि हा अंदाज काही फार कडक नाही, तरी चाळिसातले चार गेले. पहिल्याचे मेलेले मासे पिशवीत दिसतात. दुसऱ्याचे कुठेतरी तळाशी जाऊन मरतात आणि कोणाच्या हिशेबात येत नाहीत.

हौसेने मासे धरणाऱ्यांमध्ये ‘ठेवायचा की सोडायचा’ हा वाद जुना आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी घातला जातो. एक बाजू म्हणते, खायचा नसेल तर जिवंत प्राण्याला गळाला लावून खेळ कसला करता? दुसरी म्हणते, सगळ्यांनी घरी नेले तर नदीत उरणार काय? दोन्ही बाजूंना शेवटचा क्षणच दिसतो, मासा हातात आल्यानंतरचा. पण माशाचं बरंचसं भवितव्य त्याआधीच ठरलेलं असतं: कोणता गळ लावला, पाणी किती गरम होतं, किती खोलातून ओढला, किती वेळ झुंजवला.

सोडण्याची पद्धत कॅच अँड रिलीज या नावाने जगभर पसरली. अमेरिकेत तिचा मोठा पुरस्कार केला ली वुल्फ यांनी, 1930च्या दशकात. चांगला झुंजार मासा एकदाच धरून संपवण्यापेक्षा जास्त मोलाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते फारच वेगळं वाटलं असणार. आज तेच रूढ आहे. 2004 मध्ये संशोधक स्टीव्हन कुक आणि इयन कॉक्स यांनी केलेल्या अंदाजानुसार जगात हौशी गळाला वर्षाला सुमारे 47 अब्ज मासे लागतात आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश परत सोडले जातात. म्हणजे वर्षाला 30 अब्ज मासे. एवढ्या माशांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मग लहान राहत नाही.

तर काय होतं?

गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने ओढतो. हे ओढणं तो पांढऱ्या स्नायूंच्या जोरावर करतो आणि ते स्नायू प्राणवायूशिवाय चालणारी ऊर्जा वापरतात. ती काही मिनिटांत संपते, रक्तात आणि स्नायूंत आम्ल साठतं. ते निवळून शरीर पूर्वपदावर यायला कित्येक तास लागतात. या अवस्थेत त्याला सगळ्यात जास्त गरज असते प्राणवायूची, आणि नेमकं त्याच वेळी आपण त्याला पाण्याबाहेर काढून फोटोसाठी धरतो. दम लागलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबावं तसा हा प्रकार आहे. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्यात तरंगत असतात म्हणून एकमेकींपासून सुट्या राहतात. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि प्राणवायू घेण्याची जागाच आक्रसते.

1992 मध्ये कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी रेनबो ट्राउट माशांवर हेच तपासलं. नुसते दमवलेले मासे 12 तासांनंतर 88 टक्के जिवंत होते. दमवून 30 सेकंद हवेत ठेवलेले 62 टक्के. 60 सेकंद ठेवलेले फक्त 28 टक्के. प्रयोगशाळेतली परिस्थिती कठोर होती, मोकळ्या नदीत आकडे इतके वाईट येतातच असं नाही. पण अर्ध्या मिनिटाने पडणारा फरक पाहा. ‘एक फोटो काढ ना, थांब, हसरा चेहरा कर’ यात सहज एक मिनिट जातं.

दुसरा मुद्दा गळ कुठे अडकला याचा. ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात अडकलेला गळ निघतो आणि जखम भरते. घशात, कल्ल्यात किंवा पोटात गेलेला गळ म्हणजे बहुधा मृत्यू. तो उपटून काढायला गेलं तर आतलं बरंच काही फाटतं. अशा वेळी दोर तोंडाजवळ कापून गळ आतच ठेवणं माशासाठी बरं असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. बरेच मासे तो गळ कालांतराने टाकूनही देतात. म्हणूनच सर्कल हुक नावाचा गळ आला. त्याचं टोक आत वळलेलं असतं. गिळला तरी तो घशात न रुतता ओढताना सरकत येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. अट एवढीच की मासा लागल्यावर काठीला झटका द्यायचा नाही, दोर हळूहळू ताणायचा. जुन्या सवयीच्या माणसाला हे जड जातं. हात आपोआप उचलला जातो.

तिसरा मुद्दा पाण्याचं तापमान. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. माशाची गरज मात्र तापमानाबरोबर वाढते. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांच्या बाबतीत 20 अंशांच्या वर गळ टाकूच नये, असं म्हणणारे बरेच आहेत आणि मला ते पटतं. अशा दिवशी ‘मी सोडणारच आहे’ या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

खोल पाण्याची गोष्ट वेगळीच. दर 10 मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. 20 मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथून मासा झरझर वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी तिप्पट फुगू पाहते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं, आणि सोडलेला मासा बुडूच शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो. वर पक्षी, खाली शार्क. यावर उपाय आहे: वजन बांधलेली एक पकड माशाच्या जबड्याला लावून त्याला परत खोल नेतात आणि ठरावीक खोलीवर ती पकड आपोआप सुटते. मेक्सिकोच्या आखातात प्रवाळी भागातल्या माशांसाठी जाणाऱ्या अमेरिकी बोटींवर असं साधन किंवा पिशवीतली हवा काढायची सुई तयार ठेवणं 2020च्या डिसेंड कायद्याने बंधनकारक केलं. हे साधन जवळ नसेल आणि तळ खोल असेल, तर मासा सोडणं हे बहुतेक वेळा सोडण्याचं नाटक ठरतं.

मग एकंदर किती मासे मरतात? 2005 मध्ये बार्थोलोम्यू आणि बोनसॅक यांनी तोवरच्या अभ्यासांतले 274 आकडे एकत्र केले. सरासरी निघाली 18 टक्के, पण सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले तर बरोब्बर मधला आकडा 11 टक्के. म्हणजे बऱ्याच ठिकाणी मृत्यू कमी, आणि काही ठिकाणी इतके जास्त की त्यांनी सरासरी वर ओढली. ‘सोडलेला मासा वाचतो का’ याला एकच उत्तर नाही ते यामुळेच. जात, पाणी, गळ आणि हात बदलला की उत्तर बदलतं.

टक्केवारी लहान दिसली तरी एकूण आकडा मोठा होऊ शकतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास हा हौशी मंडळींचा लाडका मासा आहे. तिथलं व्यवस्थापन सोडलेल्यांपैकी 9 टक्के मरतात असं धरतं. पण सोडले जाणारे मासे इतके प्रचंड आहेत की अलीकडच्या काही वर्षांत माणसाच्या हातून गेलेल्या एकूण स्ट्राइप्ड बासपैकी निम्म्याच्या आसपास ‘सोडलेले’ मासेच होते. 2021 पासून तिथे नैसर्गिक आमिषाबरोबर सर्कल हुक सक्तीचा झाला.

टक्केवारीत न येणारी हानीही आहे. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ बास या जातींत नर घरट्यावर पहारा देतो. विणीच्या हंगामात तो घरट्याजवळ येणाऱ्या कशावरही झडप घालतो, म्हणून तो गळाला पटकन लागतो. त्याला धरलं, फोटो काढला, दहा मिनिटांत सोडलं. तो जिवंत आहे, पोहत परतही गेला. पण तेवढ्यात लहान मासे घरट्यात शिरून अंडी फस्त करून गेलेले असतात. घरटं फार लुटलं गेलं असेल तर नर ते सोडूनच देतो. नोंद काय होणार? मासा सुखरूप सोडला.

आता वेदनेकडे येऊ, कारण सोडण्याच्या बाजूची खरी अडचण तिथे आहे.

2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये दाखवलं की रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू आहेत. ओठात ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे ओठ खड्यांवर घासत, अंग डोलवत आणि बराच वेळ खात नसत. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. विरोधी बाजूला जेम्स रोज यांच्यासारखे अभ्यासक आहेत. त्यांचं म्हणणं, इजा ओळखणं वेगळं आणि वेदना जाणवणं वेगळं. माणसाला वेदना जाणवते ती मेंदूच्या बाह्यपटलामुळे आणि माशाला ते पटलच नाही. यावर उलट उत्तर असं की पक्ष्यांनाही तसं पटल नाही, तरी त्यांना दुखत नाही असं कोणी म्हणत नाही. वाद मिटलेला नाही. पण वारा कुठल्या दिशेला आहे ते दिसतं. 2024 मध्ये अनेक शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी सह्या केलेल्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात माशांसह सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांना जाणीव असण्याची वास्तव शक्यता आहे असं म्हटलंय. ‘शक्यता’ हा शब्द जपून वापरलेला आहे, आणि मला वाटतं निर्णय घ्यायला तेवढी शक्यता पुरते.

दुखत असण्याची शक्यता मान्य केली की वाद उलटा फिरतो. खाण्यासाठी धरलेल्या माशाला थोडा वेळ त्रास होतो आणि त्यामागे काहीतरी कारण असतं. फक्त मजेसाठी धरून सोडलेल्या माशाच्या त्रासाला मजेपलीकडे कारण नाही. 1996 मध्ये ए. डायोनिस द लीव यांनी हाच मुद्दा ठणकावून मांडला. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात सबळ कारणाशिवाय पृष्ठवंशी प्राण्याला मारणं किंवा दीर्घ वेदना देणं गुन्हा आहे. त्यामुळे तिथे नुसत्या फोटोसाठी मासा धरून सोडणं कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. लहान किंवा बंदीच्या हंगामातला मासा मात्र सोडावाच लागतो. स्वित्झर्लंडच्या 2008च्या नियमांनुसार सोडण्याच्याच इराद्याने गळ टाकणं मना आहे, एखादा मासा प्रसंगी पर्यावरणाचा विचार करून सोडला तर हरकत नाही. म्हणजे तिथे कायदा इराद्याकडे बघतो.

इंग्लंडमध्ये याच्या बरोब्बर उलट. तिथल्या एका तळ्यात बेन्सन नावाची कार्प मादी होती, वजन सुमारे 29 किलो. तेरा वर्षांत ती साठहून अधिक वेळा गळाला लागली आणि दर वेळी सोडली गेली. 2009 मध्ये ती मेली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, लोक हळहळले. स्विस नियमाच्या नजरेने हे साठ वेळा केलेलं क्रौर्य. इंग्रज हौशी माणसाच्या नजरेने हे जपलेलं जनावर, जे दुसरीकडे पहिल्याच दिवशी ताटात गेलं असतं. मला दोन्ही नजरा प्रामाणिक वाटतात. तरी साठ हा आकडा घशाखाली उतरत नाही.

पण म्हणून ‘सगळेच ठेवा’ हेही उत्तर नाही. कोणता मासा, यावर सगळं येऊन ठरतं. अमेरिकेतलं यलोस्टोन सरोवर घ्या. तिथला देशी कटथ्रोट ट्राउट सोडावाच लागतो. त्याच पाण्यात 1994 मध्ये बाहेरून आलेला लेक ट्राउट सापडला. तो कटथ्रोट खातो, आणि धरला तर मारलाच पाहिजे असा नियम आहे. कटथ्रोट विणीला ओढ्यांतून वर चढतो तेव्हा अस्वलं आणि मासेमार गरुड त्याच्यावर जगतात. लेक ट्राउट खोलातच राहतो, त्यामुळे तो त्यांच्या तोंडी लागत नाही. एका ट्राउटने दुसऱ्याची जागा घेतली की नुकसान तळ्याबाहेर जंगलापर्यंत पोचतं. तिथे लेक ट्राउटवर दया दाखवून त्याला सोडणारा माणूस पुढच्या कित्येक कटथ्रोटांच्या मुळावर येतो.

लहान तळ्यात एखाद्या जातीची गर्दी झाली की सगळे मासे खुरटतात, बोटभर राहतात. तिथे थोडे घरी नेणं तळ्याच्याच फायद्याचं. आणि मोठ्या माशांचं गणित तर लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. ‘लहान सोड, मोठा ने’ असं आपण ऐकत आलो. पण 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 30 किलोची एक कॉड मादी 2 किलोच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते, आणि त्या 28 माद्यांचं एकत्र वजन 56 किलो भरतं. म्हणून अनेक ठिकाणी आता किमान लांबीबरोबर कमाल लांबीही ठरवतात. मधल्या मापाचा न्यावा, फार लहान आणि फार मोठा सोडावा. भिंतीवर लावायला जो मासा हवासा वाटतो, तोच सोडण्याजोगा असतो.

दुर्मिळ माशांच्या बाबतीत सोडण्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कावेरीतला कुबडा महाशीर, ज्याला 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवलं गेलं, त्याची घसरण समजली ती बरीचशी तिथल्या गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींमुळे. धरलेला प्रत्येक मासा मोजून, वजन करून सोडायची शिस्त होती. 1998 ते 2012 या काळातल्या त्या वह्या चाळल्यावर दिसलं की निळ्या परांचा महाशीर वाढत होता आणि कुबडा कमी होत होता. धरून सोडणाऱ्यांनी तो वाचवला असं मी म्हणणार नाही. पण तो चाललाय हे त्यांच्याच नोंदींनी सांगितलं.

ठेवायचा ठरलाच तर कसा ठेवायचा, याबद्दल फार कमी बोललं जातं. बादलीत तडफडत ठेवणं, कल्ल्यातून दोरी ओवून पाण्यात लटकवणं, बर्फात जिवंत टाकणं, हे सगळं लांबवलेलं मरण आहे. जपानी इकेजिमे पद्धत चांगली का मानतात? आधी डोळ्यांच्या थोडं मागे आणि वर अणकुचीदार खिळ्याने मेंदूवर एकच वार. बरोबर बसला की तोंड उघडतं, पर ताठ होतात, क्षणभर अंगाला कंप येतो आणि मासा सैल पडतो. मग कल्ल्यांजवळची शीर कापून रक्त काढायचं. खिळा जमत नसेल तर लाकडाच्या जड दांडक्याचा डोक्यावर, डोळ्यांच्या मागे जोरात फटका. हे लगेच, गळ काढायच्याही आधी. मासा असा मारला की मांसही चांगलं राहतं, कारण तडफडीत साठणारं आम्ल कमी होतं. आणि ठरवलेले मासे मिळाले की काठी आवरावी. ‘आता नुसते सोडण्यासाठी’ म्हणून पुढे टाकत राहिलेल्या गळाचं समर्थन मला कधीच पटलेलं नाही.

सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवावा. हात ओले करावेत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं बुरशीविरुद्धचं संरक्षण आहे आणि कोरड्या हाताला तो पुसून येतो. गाठींच्या नायलॉन जाळीपेक्षा रबरी जाळी बरी. दोर फार बारीक असेल तर झुंज लांबते, म्हणून जरा जाड दोर. गळ पाण्यातच काढता आला तर फोटोही पाण्यातच. सोडताना त्याला सरळ धरावं आणि स्वतःहून सुटेपर्यंत थांबावं. तोल सांभाळता न येणारा मासा तसाच ढकलून दिला तर शिकाऱ्याच्या तोंडी जाण्याची शक्यता फार वाढते.

सगळ्यात अवघड प्रसंग शेवटी. किमान लांबी 30 सेंटिमीटर, मासा 27चा, गळ घशात आणि कल्ल्यांतून रक्त येतंय. तो वाचणार नाही हे दिसतंय. बहुतेक नियम तरीही म्हणतात, सोडा. पहिल्यांदा ऐकलं की राग येतो, मरणारा मासा पाण्यात फेकून कोणाचं भलं? पण इथे सवलत दिली की किनाऱ्यावरचा प्रत्येक लहान मासा ‘वाचणार नव्हता’ ठरेल, आणि तपासायला आलेल्या माणसाला खरं-खोटं कळायचा मार्ग राहणार नाही. पाण्यात गेलेलं मेलेलं शरीरही वाया जात नाही, खेकड्यांपासून मोठ्या माशांपर्यंत कोणीतरी ते खातंच. तेव्हा दोर तोंडाशी कापावा, मासा सोडावा, आणि पुढचा गळ टाकण्याआधी बदल करावा: मोठ्या मापाचा सर्कल हुक, मोठं आमिष. तरीही घशात गळ गेलेले लहान मासेच येत राहिले, तर त्या दिवशी ती जागा सोडून द्यावी.